तुम्ही विचारलंत म्हणून: मुंबई न पाहिलेल्या माणसाचा घोटे

एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज रहस्यकथाकाराचं नाव काढलं की प्रश्न ठरलेला. ‘मुंबईच्या असून तुम्ही त्याचं वाचता? त्याने तर मुंबई न बघताच लिहिलंय!’

न बघताच लिहिलं, खरं आहे. आधीची पुस्तकं फारच ब्रिटिश म्हणून अमेरिकेतले प्रकाशक घेईनात, तेव्हा त्याने भारत निवडला आणि मुंबई सीआयडीचा इन्स्पेक्टर गणेश घोटे उभा केला. ‘द परफेक्ट मर्डर’ ही घोटेची पहिली कादंबरी १९६४ची, तिला गोल्ड डॅगर हा रहस्यकथांचा ब्रिटिश पुरस्कारही मिळाला. गडी मुंबईत उतरला तो दहा वर्षांनी. कॉलेजात असताना हे सगळं मीच तावातावाने लोकांना ऐकवायचे.

मग बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बाबा पोलिसातून निवृत्त झालेले. वाचायला मनाई, म्हणून संध्याकाळी मी त्यांना ‘द परफेक्ट मर्डर’ वाचून दाखवायचे. घोटे प्रत्येक क्रियापदाला ‘इंग’ लावून बोलायला लागला तसे बाबा वैतागले. ‘आम्ही असं बोलतो होय गं?’ मला बरंच वाटलं. पुस्तक मिटणारच होते.

पण त्यात एका मंत्र्याच्या टेबलावरून एक रुपयाची नोट जाते. एकीकडे खुनी हल्ल्याचा तपास, आणि घोटेला त्या रुपयाच्याही मागे लागावं लागतं. वरून बोलणीही तोच खातो. बाबा म्हणाले, ‘परत वाच.’ मी वाचलं. डोळ्यावर पट्टी, त्यामुळे चेहरा नीट कळेना. हात मात्र चादरीची किनार मुडपत होते. मग सांगायला लागले. एका साहेबांनी शिपायांसमोर त्यांना टाकून बोललेलं, का, तर साहेबांच्या पाहुण्यांची छत्री सापडेना. त्या दिवशी ते ड्यूटी संपल्यावरही तासभर स्टेशनच्या बाकावर बसून राहिले होते. घरी तसं तोंड घेऊन कसं यायचं, म्हणून. आईलाही हे माहीत नव्हतं. मला तर फक्त त्यांचा आवाज चढायचा तेवढं माहीत.

म्हणून वाचते. याने कीटिंगला सगळं माफ होतं असं मी म्हणत नाही. ते इंग्रजी मला आजही टोचतं, आणि आपली माणसं परक्यांच्या करमणुकीसाठी अशी बोलवली याचा रागही येतो. कॉलेजातली मी अजून भांडते माझ्याशी, आणि तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण वरिष्ठांपुढे मान खाली घालणारा आणि तरीही तपास न सोडणारा मराठी फौजदार, त्याच्या पोटातली ती धाकधूक, इतक्या मायेने दुसऱ्या कुणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही. असेल तर नाव सांगा. आधी तेच वाचीन.