तुम्ही विचारलंत म्हणून : मी धबधब्याखाली का उभी राहत नाही?

“एवढे जंगल तुडवून, चढ चढून तुम्ही धबधब्यापर्यंत जाता आणि मग लांबच्या एखाद्या खडकावर बसून राहता, खाली जाऊन भिजत का नाही?” हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे, की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून ठेवावे असे वाटले. थोडक्यात सांगायचे तर, जिथून पाणी पडते तिथून दगडही पडतात. ज्यांचे एवढ्यावर समाधान होत नाही, त्यांच्यासाठी पुढचे.

धबधबा हा मुळात कडा कोसळण्याचाच एक प्रकार आहे, आणि हे लक्षात आल्यापासून माझी त्याच्याकडे पाहण्याची रीत बदलली. पुष्कळ धबधब्यांच्या माथ्यावर टणक खडकाचा थर असतो आणि त्याच्याखाली ठिसूळ थर. पडणारे पाणी, उडणारे तुषार आणि डोहात गरगरणारे गोटे खालचा थर पोखरत जातात, वरचा थर छज्जासारखा पुढे लोंबकळत राहतो आणि एक दिवस स्वतःच्याच वजनाने तुटून खाली येतो. नायगारा गेल्या सुमारे १२,००० वर्षांत याच रीतीने साधारण ११ किलोमीटर मागे सरकला आहे. तिथे ‘टेबल रॉक’ नावाचा पुढे आलेला एक प्रशस्त खडक होता, ज्यावर उभे राहून लोक धबधबा पाहत असत. त्याचा मोठा भाग १८५० मध्ये कोसळला. आपण अशा घटनेला अपघात म्हणतो, पण धबधब्याचा तो नेहमीचा व्यवहार आहे. सगळेच धबधबे असे घडत नाहीत. काही हिमनदीने कापलेल्या उंच दऱ्यांच्या तोंडाशी असतात. तिथे भेगांत शिरलेले पाणी गोठून फुगते आणि खडक सुटा करते. कारण वेगळे असले तरी खाली उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने फरक काहीच नाही.

३० मीटर उंचीवरून सुटलेला दगड खाली पोहोचतो तेव्हा त्याचा वेग, हवेचा अडथळा सोडून दिला तर, ताशी सुमारे ८७ किलोमीटर असतो. मोकळ्या कड्याखाली निदान वरून खडखडाट ऐकू येतो आणि मान वर करायला क्षणभर तरी मिळतो. धबधब्याखाली पाण्याच्या आवाजात तो इशाराही बुडून जातो आणि डोळ्यांवर पाण्याची धार असल्यामुळे वर पाहताही येत नाही. हवाईच्या ओआहू बेटावर सॅक्रेड फॉल्स नावाचा, अरुंद घळीच्या टोकाशी असलेला एक धबधबा आहे. ९ मे १९९९ रोजी तिथे घळीच्या उभ्या भिंतीवरून दरड सुटली आणि खाली जमलेल्या लोकांपैकी ८ जण मृत्युमुखी पडले. तो परिसर तेव्हापासून लोकांसाठी बंद आहे.

म्हणून कोणत्याही नव्या धबधब्यापाशी पोहोचले की मी आधी पाण्याकडे पाहत नाही, पायथ्याच्या दगडांकडे पाहते. जुना दगड ओळखू येतो: कडा झिजून गोलसर झालेल्या, रंग काळपट, वरच्या अंगाला शेवाळाची गादी आणि कधी कधी त्या गादीत रुजलेला एखादा नेचा. नवा दगड तितकाच स्पष्ट ओळखू येतो. त्याच्या धारा बोटाला लागतील इतक्या तीक्ष्ण असतात, तुटलेली बाजू भोवतालच्या खडकापेक्षा फिकट असते आणि तिच्यावर शेवाळाचा ठिपकाही नसतो. मग मान वर करून शोधले, तर कड्यावर तशाच फिकट रंगाची खोक बहुधा सापडते. असे दगड जिथपर्यंत विखुरलेले असतील त्याच्या बरेच बाहेर माझी बसण्याची जागा ठरते. त्यासाठी वेगळा नियम लागत नाही.

दुसरे कारण पाण्याचे. ओढ्याचे पाणी डोक्यावरच्या आभाळाला विचारून वाढत नाही. आपण उन्हात बसलेलो असताना पाणलोटाच्या वरच्या टोकाला तासभर जोराचा पाऊस झाला, तर ते पाणी आपल्यापर्यंत नंतर, आणि एकदम येते. घनदाट जंगल हा लोंढा बराच सौम्य करते, कारण पाचोळ्याचा थर आणि मुळांनी भुसभुशीत केलेली माती पाऊस आधी जिरवून घेते आणि मग हळूहळू सोडते; जंगलातले ओढे पावसानंतर पुष्कळ दिवस वाहते आणि नितळ राहतात, ते यामुळेच. पण माती एकदा पुरती भिजली की ही सवलत संपते. पोहोचल्याबरोबर पाण्याच्या काठाशी, पाणी जेमतेम टेकते तिथे, मी एक काडी खोचून ठेवते आणि अधूनमधून तिच्याकडे पाहते. काडी बुडू लागली, नितळ पाणी गढुळले, प्रवाहात पाने आणि काटक्या दिसू लागल्या किंवा धबधब्याचा आवाज जड झाला, तर चर्चा न करता उंचावर जायचे. परतीच्या वाटेवर ओढा ओलांडायचा असेल तर याचे महत्त्व अधिकच वाढते, कारण प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की पायांवरचा त्याचा जोर चौपट होतो. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून आलो म्हणून संध्याकाळीही तसेच जाऊ, हा हिशेब चुकीचा आहे.

डोहाबद्दल एवढेच सांगते की फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे ते माणसाला साध्या पाण्याइतके तोलून धरत नाही, आणि धार पडते तिथला प्रवाह वर आलेल्याला पुन्हा धारेकडेच ओढतो. चांगले पोहता येते, हे इथे फारसे उपयोगाचे नाही. धबधब्याच्या माथ्यावर, कड्याच्या ओठाशी जाण्याचा तर प्रश्नच येत नाही. पाण्याने घासून गुळगुळीत झालेल्या कातळावर शेवाळाचा पारदर्शक बुळबुळीत थर असतो, आणि तो दिसत नाही हीच त्याची खोड आहे.

आता, लांब बसून मिळते काय? माझ्या मते, बरेच काही. धबधब्याच्या दोन्ही अंगांना तुषार जिथवर पोहोचतात तिथवर जंगल वेगळे असते. शेवाळे आणि नेचे यांचा हिरवा पट्टा कातळावर जवळजवळ रेघ मारल्यासारखा संपतो, आणि त्या रेघेवरून वारा तुषार कोणत्या बाजूला नेतो ते कळते. ही रेघ खाली उभ्या असलेल्याला दिसत नाही. युरोप, आशिया आणि अमेरिकेतल्या डोंगरी ओढ्यांवर डिपर नावाचा एक गोलमटोल पक्षी असतो, जो पाण्याखाली बुडी मारून तळाशी किडे शोधतो आणि कधी कधी धबधब्याच्या पडद्यामागच्या कपारीत घरटे करतो. चोचीत भक्ष्य घेऊन तो दगडावर उतरतो, गुडघे मोडल्यासारखा चार-दोनदा खालीवर होतो आणि सरळ पाण्यात घुसून पलीकडे नाहीसा होतो. हे पाहायचे असेल तर त्याला आपली भीती वाटणार नाही इतके दूर आणि स्वस्थ बसावे लागते. इंद्रधनुष्यालाही अंतर मानवते. सूर्य पाठीशी आणि तुषार समोर हवेत, म्हणून पूर्वेकडे तोंड असलेल्या धबधब्यापाशी सकाळी आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्यापाशी दुपारनंतर पोहोचावे.

धबधब्याजवळच्या हवेतल्या ऋणभारित कणांमुळे मन प्रसन्न होते, असे मला बरेच जण सांगतात. थेंब फुटताना हवा भारित होते हे खरे आहे, जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फिलिप लेनार्ड यांनी १८९२ मध्येच ते मांडले होते. प्रसन्नतेचे श्रेय मात्र मी चढ संपण्याला देते.

ज्यांना भिजायचेच असते त्यांना मी धबधब्यापासून बऱ्याच खाली, जिथे ओढा रुंद आणि उथळ होतो आणि माथ्यावर कडा नसतो, अशी जागा दाखवते. पाणी तेच असते. फक्त तिथे जाण्याआधी परतीची वेळ ठरवून घ्यावी, कारण पुष्कळ वाटा धबधब्याच्या पायथ्याशी उतरत जातात आणि खरा चढ दिवसाच्या शेवटी, ओल्या बुटांनी चढायचा असतो. झाडीत अंधारही उघड्या माळापेक्षा लवकर पडतो, तेव्हा विजेरी उन्हाच्या दिवशीही पिशवीत असू द्या.