फोनवर सांगितलेला कंप्रेसर

मे महिन्यातला रविवार. येळ्ळूरला पाहुण्यांच्या साखरपुड्यात पंगतीला बसलो होतो आणि सरांचा फोन आला. सर म्हणजे खानापूर भागातल्या मराठी शाळेतनं रिटायर झालेले हेडमास्तर. मी काही त्यांच्या वर्गात नव्हतो, पण सगळे सर म्हणतात म्हणून मीही म्हणतो. लेक म्हापशाला दिलेली, त्यामुळं चोर्ला घाटातनं महिन्याला एक फेरी ठरलेली. साखळीच्या पुढं गाडी बाजूला घेऊन बोलत होते. "एसी चांगला थंड येतोय ओ, पंधरा-वीस मिनिटांनी गरम वारा. जरा थांबलं की परत थंड. काय असेल?"

मी पुरी मोडता मोडता सांगून टाकलं, "क्लचची कॉइल असणार सर. तापली की सुटते."

त्या महिन्यात तशा दोन कॉइली बदलल्या होत्या. खोटं नाही, कॉइल असंच करते. कंप्रेसर म्हणजे एसीचा गॅस दाबणारा पंप. त्याच्या तोंडाशी त्याला इंजिनाशी जोडणारा-सोडणारा क्लच असतो, त्यात तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, तीच कॉइल. जुनं झालं की थंडीत धरतं, गरम झालं की आतल्या आत तार सुटते. लक्षणं अगदी जुळत होती. जुळत होती हाच घोळ.

सरांनी तिथल्याच एका गॅरेजवाल्याला सांगितलं, "बेळगावचा मिस्त्री क्लच म्हणतोय." तो म्हणाला, नुसता क्लच येत नाही, अख्खा कंप्रेसर घालावा लागतो. बावीस हजार. संध्याकाळी गार वाऱ्यात चोर्ला चढून सर घरी आले, एसी झकास. पुढं पंधरा दिवस रोज दुपारी वळीव, हवा गार, कुणाला कळणार? आमच्या बेळगावात एसीचा रोग लपायला जागा भरपूर. पुढच्या फेरीला पुन्हा साखळी, पुन्हा गरम वारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सर गाडी घेऊन खानापूर रोडला माझ्या दारात. रागावले नव्हते. डिकीत पोत्यात गुंडाळलेला जुना कंप्रेसरही होता. बदललेला पार्ट मागून घ्यायची त्यांची सवय. चांगली सवय आहे, सगळ्यांनी लावून घ्यावी.

इथं एक सांगतो. आमच्याकडं येणारी दहातली आठ माणसं दारातच म्हणतात, "गॅस भरा." गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. बंद पाइपात फिरतो, जळत नाही. वर्षानुवर्षं रबरी होजमधनं थोडासा झिरपतो तेवढाच. दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठंतरी गळतंय, ते शोधायला हवं. पण गळती शोधायला अर्धा दिवस जातो आणि गॅस भरायला वीस मिनिटं, म्हणून गिऱ्हाइकालाही तेच बरं वाटतं आणि मिस्त्रीलाही.

तर गॅसचा दाब मोजायचे गेज लावले. इंजिन गार, हवा 26 डिग्री असेल. दोन्ही बाजूंना 86 पीएसआय. या गॅसचा त्या तापमानाला साधारण तेवढाच दाब असतो, म्हणजे गॅस आहे. गाडीच्या कंप्युटरला काय दिसतंय ते दाखवणारा स्कॅनर जोडला, तिथं प्रेशर 5.9 बार. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, गुणलं की तेच 86. एसी चालू केला, हाय साइडला, म्हणजे कंप्रेसर गॅस दाबून सोडतो त्या बाजूला, 170, स्कॅनरवर 11.7. तेही जुळलं. कंप्युटरनं बिघाड नोंदवलेला फॉल्ट कोड एकही नाही. पाऊण तास इंजिन चालू ठेवलं, एसी बंद पडायचं नाव नाही. सर प्लास्टिकच्या खुर्चीवर पेपर वाचत होते आणि मला घाम.

माझ्याकडं एक बैलहोंगलकडचा पोरगा आहे कामाला. मराठी समजतो, बोलतो कन्नड. तो म्हणाला, बॉनेट उघडं आहे, वारा लागतोय, गाडी तापणार कशी? माझ्या डोक्यात ते यायला हवं होतं. आम्ही मिस्त्री लोक बॉनेट उघडल्याशिवाय विचारच करत नाही, आणि काही रोग बॉनेट उघडलं की पळून जातात.

मग गाडी उन्हात नेऊन उभी केली. एक वाजायची वाट बघितली. गेजचे पाइप फटीतनं बाहेर काढले, बॉनेट नुसतं खटक्यावर टेकवलं, इंजिन आयडलला, एसी फुल. गेज माझ्या हातात, स्कॅनर पोराच्या.

सुरुवातीला दोन्ही बरोबर. गेज 220, स्कॅनर 15. बारा-तेरा मिनिटांनी कंडेन्सरचा, म्हणजे गॅस गार करणाऱ्या जाळीचा, पंखा एकदम मोठ्या स्पीडवर गेला. एवढ्या दाबाला जायचं कारण नव्हतं. पंखा जोरात म्हणून गेजचा काटा उलट खाली सरकला, 205 वर आला. आणि पोरगा वाचत होता, 19... 22... 24. गेज उतरतोय आणि स्कॅनर चढतोय. तेव्हाच पोटात कसंतरी झालं. 29 च्या वर आकडा गेला आणि खट्. "ऑफ आत्रि," पोरगा म्हणाला.

गाडीच्या कंप्युटरला वाटलं दाब डोक्यावर गेला, पाइप फुटायच्या आत त्यानं कंप्रेसर बंद केला. त्यानं त्याचं काम चोख केलं. त्याला सांगणाराच खोटं बोलत होता.

हा सांगणारा म्हणजे हाय साइडच्या पाइपावर बसवलेला अंगठ्याएवढा सेन्सर. तीन वायरी. एकीवर 5 व्होल्ट येतात, एक अर्थ म्हणजे अर्थिंगची, तिसरी सिग्नल. दाब वाढला की सिग्नल अर्ध्या व्होल्टाकडनं साडेचारकडं चढतो. वायर तुटली, शॉर्ट झाली तर सिग्नल पार तळाला नाही तर पार वर जातो आणि कोड पडतो. पण 3.8 व्होल्ट हा नीट मधला आकडा, कंप्युटरनं शंका का घ्यावी? म्हणून कोड नाही. आणि स्कॅनर घेऊन फिरणारी हल्लीची पोरं कोड नाही म्हटलं की इलेक्ट्रिकल ओके म्हणून मोकळी होतात. स्कॅनरवरचा दाब हा दाब नसतो, सेन्सरनं सांगितलेली गोष्ट असते. खरा दाब बघायला पितळेचा गेजच लागतो.

तरी सेन्सरवर लगेच बोट ठेवलं नाही. एकदा घाई करून झाली होती. अर्थ खराब असला तरी सिग्नल चढा दिसतो. पुन्हा तापवलं, आकडा चढल्यावर कनेक्टरच्या मागनं सुया घातल्या. पाचाची वायर 4.98. अर्थवर 20 मिलिव्होल्ट, म्हणजे स्वच्छ. सिग्नल 3.8, आणि गेजप्रमाणं हवे होते सव्वादोनच्याही खाली.

शेवटी सरांना उठवून आणलं. बॉनेट वर केलं, फडकं माठातल्या पाण्यात बुडवून पिळलं आणि कनेक्टरला पाणी लागू न देता सेन्सरच्या षटकोनी बुडख्याला गुंडाळलं. स्कॅनर 26 वर होता. "नोड्री," म्हणत पोरानं तो सरांच्या पुढं धरला. 23. 19. 16. गेजचा काटा जाग्यावर. एसी बंद पडला नाही. सेन्सर गार झाला तसा खरं बोलायला लागला.

सर बराच वेळ त्या फडक्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे कंप्रेसर चांगला होता."

मी म्हणालो, "बघू या." पोतं सोडलं. कॉइल मोजली, 3.6 ओहम. हॉट एअर गननं चांगली तापवली, 4.3. तांबं तापलं की तेवढं वाढतंच, सुटली नाही. बॅटरीच्या दोन वायरी लावल्या. टक्. गरमच होती, तरी पुन्हा टक्. शाफ्ट हातानं फिरवला, लोण्यासारखा.

"वाजतोय की अजून," सर म्हणाले.

सेन्सर कोल्हापूरहनं मागवला, साडेतेराशे. बेळगावात नकली सहाशेला मिळत होता, तो घातला नाही. सकाळच्या बसनं पार्सल येतं, पण सीमेवर काही पेटलं की बस कोगनोळीत अडते आणि बसबरोबर आमचा पार्टही. या वेळी आला. या गाडीत सेन्सरच्या खाली व्हॉल्व्ह असतो, त्यामुळं गॅस न काढता तो सुटतो. सगळ्या गाड्यांत तसं नसतं. नवा हिरवा ओ-रिंग, त्यावर तेलाचं बोट, हातानं आटे बसवून मग पाना. फुस्स आवाज झाला तेवढाच. दुपारी पुन्हा उन्हात, बॉनेट लावून पाऊण तास. गेज आणि स्कॅनर हातात हात घालून.

मजुरी घेणार नाही म्हणालो. सरांनी ऐकलं नाही, सेन्सरचे आणि मजुरीचे मोजून टेबलावर ठेवले. गोव्यातल्या त्या माणसाला मी मनात चिकार शिव्या दिल्या होत्या, गेज लावून बघितला नाही म्हणून. पण त्याला क्लच कुणी सांगितला? मीही गेज लावला नव्हता, माझ्या हातात तर पुरी होती. हे सरांना निम्मंच बोललो. "माझाही अंदाज चुकला सर," एवढंच. बावीस हजारांचं नाव माझ्या तोंडातनं निघालं नाही, त्यांनीही काढलं नाही.

जाताना कंप्रेसर घ्या म्हटलं तर म्हणाले, "राहू दे तुमच्याकडं. कुणाला तरी उपयोगी पडेल."

दोन महिने झाले, फळीवर आहे. परवा निपाणीचा एक जण त्याच मॉडेलची गाडी घेऊन आला, कंप्रेसर खरोखर जाम. त्याला दाखवला, त्यानं विचारलं कितीला देणार. उद्या सांगतो म्हणालो. त्यानं दोनदा फोन केला, अजून सांगितलेलं नाही.