तोडणी आपली, पैसेही आपलेच

न्यू जर्सीत ऑक्टोबर लागला की शनिवार-रविवारी शेतांवर जत्रा भरते. सफरचंदं स्वतः तोडायची, भोपळे स्वतः उचलायचे, ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत पेंढ्याच्या गठ्ठ्यांवर बसून रानाला चक्कर मारायची, आणि निघताना दालचिनी-साखरेत घोळलेले गरमागरम डोनट खायचे. लेकीमुळे आम्ही दरवर्षी जातोच. यंदा आई-बाबा इकडे होते, म्हणून त्यांनाही नेलं. बाबा तासगावचे, द्राक्ष बागायतदार. अख्खा जन्म रानात गेलेल्या माणसाला सुट्टीच्या दिवशी शेत बघायला चल म्हणताना मला जरा संकोचच वाटत होता.

फाटकाशीच ते थबकले. "तिकीट? कशाचं?"

शेतात शिरायचं. शिवाय सफरचंदांची पिशवी वेगळी घ्यायची, तिचे पैसे आधीच मोजायचे.

"म्हणजे तोडणी आपण करायची, वाहून आपण आणायचं, आणि वर पैसेही आपणच द्यायचे?"

"हो बाबा," नवरा म्हणाला. जावयापुढे जास्त बोलायचं नाही म्हणून ते गप्प राहिले, पण डोक्यात हिशेब सुरू झालेला दिसत होता. पहिल्या झाडाशी पोचेपर्यंत तो पूर्णही झाला. मजुरी वाचली, क्रेट वाचले, पॅकिंग वाचलं, गाडीभाडं वाचलं, दलाल तर मुळातच नाही. "ह्याचं खरं पीक गिऱ्हाईक आहे," ते म्हणाले, आणि त्या आवाजात टिंगल नव्हती.

मक्याचा चक्रव्यूह मात्र त्यांना पटेना. जनावरांच्या तोंडची वैरण पोरांना पळायला उभी ठेवायची म्हणजे काय! तरी नातीबरोबर आत गेले. मक्याचे तास, म्हणजे ओळी, धरून सरळ चालत गेलं की बांध लागणारच, असा त्यांचा हिशेब. पण असा मका आडवा-उभा दोन्हीकडून पेरतात आणि रोपं लहान असतानाच त्यात वाटा पाडतात. त्यामुळे एकही तास धड हाती लागेना. बाहेर आले ते नातीचा हात धरून, धोतराला कुसळं लागल्यासारखी पँट झटकत.

आईची अडचण वेगळीच. नवरात्र चालू, उपवास. सफरचंद चालतं, डोनट चालत नाही. सायडर म्हटल्यावर तर तिने पेला लांबच धरला. इथे सायडर म्हणजे नुसता गाळ न काढलेला सफरचंदाचा रस, दारूचा थेंब नाही, हे नवऱ्याने आधी पिऊन दाखवलं तेव्हा कुठे तिने घोट घेतला. मग दुसरा पेला मागितला.

भोपळ्यांच्या रानात आल्यावर ती खरी रंगात आली. नारिंगी, घागरीएवढे भोपळे जिकडेतिकडे पसरलेले, त्यांवर बसून फोटो काढणारी माणसं. आईने एक उचलला, टिचकी मारली, देठ पाहिला आणि खाली ठेवला. "पोकळ आहे." बरोबरच होतं. हे हॅलोविनला नाक-डोळे कोरायचे भोपळे. गर पातळ, पाणचट, धाग्याधाग्यांचा. महिनाअखेरीपर्यंत दारात ठेवायचे आणि मग टाकून द्यायचे, हे ऐकून ती एवढंच म्हणाली, "शिव शिव."

मग कोपऱ्यातल्या एका टेबलावर तिला हवा तो सापडला. चपटा, फाकांफाकांचा, गव्हाळ सालीचा. इकडे त्याला लाँग आयलंड चीज म्हणतात, कारण तो चीजच्या चाकासारखा दिसतो. आई म्हणाली, "हा आपला डांगर." जात खरोखर तीच आहे, कोरायचा नारिंगी भोपळा वेगळ्या जातीचा. गंमत म्हणजे दोन्ही मूळचे याच खंडांतले. लाल भोपळाच काय, बटाटा, रताळं, शेंगदाणे, हिरवी मिरची, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंदसुद्धा अमेरिकेतून आपल्याकडे आला. मी हे सांगितलं तेव्हा आईने माझ्याकडे असं पाहिलं, की तिचा उपवास मीच मोडला असावा. "आला असेल. आता आपला आहे." भोपळा तिने स्वतः काखेत मारला. उपवासाला कूट-मिरचीची भाजी, दसऱ्यानंतर घारगे, असं तिथेच ठरलं.

ट्रॅक्टर हिरवा जॉन डिअर. पुण्याजवळ सणसवाडीला यांचा कारखाना आहे, हे बाबांनी चालवणाऱ्या म्हाताऱ्याला अभिमानाने सांगितलं, मी दुभाषी. म्हातारा शेताचा मालकच निघाला. मग चक्कर संपली तरी दोघं उतरेनात. रस्त्याकडेला या शेताची 'जतन केलेली शेतजमीन' अशी पाटी आहे. बाबांना तिचं फार कुतूहल. अमेरिकेतलं सगळ्यांत दाट वस्तीचं राज्य, न्यूयॉर्क हाकेच्या अंतरावर, आणि इथे प्लॉट कसे पडले नाहीत?

म्हाताऱ्याने समजावलं. इथलं सरकार शेतकऱ्याकडून सहसा जमीन विकत घेत नाही. तिच्यावर इमारती बांधायचा हक्क तेवढा घेतं. त्याचे पैसे एकरकमी मिळतात, जमीन मालकाचीच राहते. पुढे विकली तरी घेणाऱ्याने शेतीच करायची. याचा कायदा 1983 सालचा, आणि आजवर दोन लाख एकरांहून जास्त जमीन अशी राखलेली आहे.

"म्हणजे एन.ए., बिगरशेती, होणारच नाही? कधीच?"

"कधीच."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. आमच्या तासगाव-सांगली रस्त्याला दोन्ही बाजूंनी 'एन.ए. प्लॉट विकणे आहे' चे फलक आहेत. ते त्यांच्या डोळ्यांपुढे असावेत. मग त्यांनी शेतकऱ्याला विचारायचा तो प्रश्न विचारला. नुसत्या पिकावर भागतं का? म्हातारा हसला. जत्रेच्या या चार-सहा आठवड्यांवर वर्ष निघतं म्हणाला, आणि एखादा शनिवार पावसाने खाल्ला की हिशेब बसत नाही. पावसाचं मला भाषांतर करावंच लागलं नाही. त्याने आभाळाकडे बोट केलं, बाबांनी मान डोलावली.

शनिवारचा पाऊस म्हटल्यावर त्यांना घरची बाग आठवणारच. ऑक्टोबर छाटणी ते धाकट्या काकांवर टाकून आले होते आणि फोनवर रोज विचारत होते: छाटणी कुठवर आली, आभाळ आहे का, डावणीची, त्या बुरशीच्या रोगाची, फवारणी घेतली का. त्या दिवशी गाडीत बसल्याबसल्या फोन लावला. तिकडे रात्र झाली होती. फवारणी राहिली बाजूला, काकांना आधी तिकिटाची गोष्ट.

"लोक पैसे देऊन तोडणी करतात रे! हजारो माणूस! आपल्याकडे फेब्रुवारीत घड तयार झाले की..."

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. छाटणीमागे डोळे सारखे फुटावेत म्हणून प्रत्येक काडीच्या डोळ्यांना हाताने पेस्ट लावावी लागते, आणि सध्या त्यालाच माणसं मिळत नव्हती.

"दादा," काका म्हणाले, "त्यातली पन्नास माणसं उद्या पेस्ट लावायला पाठव. तिकीट माफ."