कॅनोपीचा स्कर्ट आणि ठाण्याचा मे महिना

वागळे इस्टेटच्या गाळ्यात सध्या आमचं आरव्ही-८ या किटमधून स्वतः बांधायच्या छोट्या विमानाच्या कॅनोपीचं काम चालू आहे, आणि खरं सांगायचं तर पंख जोडताना जेवढा जीव लागला नव्हता तेवढा या स्कर्टमध्ये लागतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पायलटच्या डोक्यावरचं अ‍ॅक्रेलिक प्लॅस्टिकचं पारदर्शक झाकण म्हणजे कॅनोपी, आणि तिच्या खालच्या कडेला फिरणारी फायबरग्लासची झालर म्हणजे स्कर्ट. ती बॉडीला घट्ट चिकटून बसली पाहिजे, नाहीतर पाणी आणि गार वारा आत. पण जमिनीवर चिकटली म्हणजे झालं असं नाही ना. कॅनोपीच्या फुगवट्यावरून हवा जोरात जाते तेव्हा तिथला दाब कमी होतो आणि तो स्कर्टला बाहेर ओढतो, ताशी ३०० किलोमीटरला ही ओढ चांगलीच असते. म्हणून कड मुद्दाम थोडी आत दाबलेली ठेवायची. आम्ही पेपरची पट्टी कडेखाली सरकवून बघतो, अडकत अडकत सरकली तर बरोबर, भसकन गेली तर परत काढा, घासा, लावा. त्यात आमची कॅनोपी सरकून मागे जाते, त्यामुळे जास्त दाबलं तर उघडताना बॉडीचा रंग खरवडणार.

मे महिन्यात का करतोय असं सगळे विचारतात, घामाने हालत होते हे खरंय. पण अ‍ॅक्रेलिक गार असताना ठिसूळ असतं, ड्रिल करताना तडा जायची भीती, म्हणून एसी लावून हे काम अजिबात करू नये असं माझं ठाम मत. भोकंसुद्धा रिव्हेटपेक्षा मोठी हवीत, कारण ३० अंशांच्या फरकाने मीटरभर अ‍ॅक्रेलिक साधारण २ मिलिमीटर वाढतं आणि अ‍ॅल्युमिनियम जेमतेम ०.७, मग जागा नसेल तर भोकापासूनच तडा सुरू होतो. आणि थिनर किंवा अ‍ॅसिटोनचं फडकं कॅनोपीजवळ फिरकूसुद्धा देऊ नका, बारीक जाळीसारख्या चिरा पडतात, त्या कधीच जात नाहीत. साबणपाणी बास.

या उन्हाचा त्रास रेझिनला, म्हणजे स्कर्टचं फायबरग्लास ज्यात भिजवतो त्या इपॉक्सीला, मात्र होतो. ते कडक करणारा हार्डनर त्यात टाकला की कप हातातच गरम व्हायला लागतो, म्हणून थोडं थोडंच कालवायचं, आणि स्लो हार्डनरच घ्यायचा. बॉडीवर आधी पॅकिंग टेप लावायला विसरू नका, नाहीतर स्कर्ट विमानालाच चिकटेल.

कांदिवलीत कॅप्टन अमोल यादव यांनी बिल्डिंगच्या गच्चीवर अख्खं विमान उभं केलं, त्यामुळे गाळ्यात जागा कमी पडते अशी तक्रार मी करूच शकत नाही 🙂

आता स्कर्टच्या मागच्या कडेचे फायबरग्लासचे लेयर राहिलेत, ते पावसाच्या आत उरकायचेत. दमट हवेत इपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर येतो, तो धुतल्याशिवाय पुढचा लेयर धरतच नाही. कोणाकडे गाळ्यासाठी चांगला डीह्युमिडिफायर असेल तर कळवा, जूनमध्ये लागणारच आहे.