मिलानची मोंते नापोलेओने: रस्ता पाहावा कसा

मिलानमध्ये दुओमो, म्हणजे शहराचं मुख्य कॅथेड्रल, पाहून झालं की सान बाबिला चौकाकडे चालत निघा. दहाएक मिनिटांत व्हिया मोंते नापोलेओने लागते. दुकानांच्या भाड्याचा हिशेब केला तर २०२४ साली हा जगातला सगळ्यात महागडा रस्ता ठरला: चौरस मीटरला वर्षाला २०,००० युरो! त्यामुळे मी डोळे दिपवणाऱ्या झगमगाटाच्या तयारीने गेले होते. समोर आला तो अर्ध्या किलोमीटरच्या आसपासचा, अरुंद, बऱ्यापैकी शांत रस्ता. मोठाले फलक जवळजवळ नाहीतच. दगडी भिंतीवर छोट्या अक्षरांत नाव, आणि खाली काचेत एखादीच पर्स, तिच्याभोवती भरपूर मोकळी जागा. इथे श्रीमंती दाखवायची पद्धत ही आहे, आणि मला ती फार आवडली.

असं का, याचं उत्तर इमारतींत आहे. ही दुकानांसाठी बांधलेली घरं नव्हेत. शहरातल्या उमराव घराण्यांचे हे वाडे. १७८३ साली सरकारी कर्जाचा कारभार पाहणारी एक संस्था या रस्त्यावर आली. पुढे बंद पडून १८०४ मध्ये नेपोलियनच्या अमलात पुन्हा सुरू झाली, आणि तिचंच नाव रस्त्याला मिळालं. फॅशनवाले नंतरचे, तळमजल्यावर आलेले. आता मात्र भाडं भरण्याऐवजी वाडेच विकत घेणं सुरू झालंय. गुच्ची आणि सँ लोराँ हे फॅशन ब्रँड ज्या कंपनीच्या मालकीचे आहेत त्या केरिंगने २०२४ मध्ये इथली ८ नंबरची इमारत १३० कोटी युरोंना घेतली.

म्हणून माझा आग्रह असा की काचांइतकंच दरवाजांकडे लक्ष द्या. दोन दुकानांच्या मध्ये एखादं उंच लाकडी दार उघडं असतं आणि आत चौक दिसतो: खांबांची ओवरी, वेली, कुंड्या. लोक राहतात तिथे, त्यामुळे उंबऱ्यावरूनच पाहावं. आत जायचंच असेल तर व्हिया जेझूवर वळा. ५ नंबरला बागात्ती वाल्सेक्की संग्रहालय आहे. एकोणिसाव्या शतकात फाउस्तो आणि जुझेप्पे या दोन भावांनी आपलं घर रेनेसाँच्या, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनकाळाच्या, थाटात सजवलं, तेच आता पाहायला मिळतं. बरोबर आलेली मावशी खरेदीला कंटाळली होती, ती या घरात रमली. तिथून पुढे व्हिया देल्ला स्पीगा गाठा. तिथे गाड्या नाहीत, मान वर करून निवांत चालता येतं.

दुकानात शिरायला भिऊ नका. दारावर सुटातला माणूस असतो. त्याला 'बुओनजोर्नो' (नमस्कार) म्हणायचं, तो दार उघडतो. काही घ्यायचं नसेल तर 'फक्त बघतोय' असं सरळ सांगावं. कुणी वाईट वागलं नाही. वस्तू स्वतःहून उचलू नये, दाखवायला सांगावी. शिवण जवळून पाहायची अशी संधी सहसा मिळत नाही. काही ठिकाणी बाहेर रांग असते; दहाच्या सुमारास दुकानं उघडतात, तेव्हाच जावं.

कॉफीसाठी कोवा. १८१७ पासूनचं हे दुकान आधी स्काला या ऑपेरागृहाजवळ होतं, १९५० मध्ये या रस्त्यावर आलं. काउंटरपाशी उभं राहून घेतली तर कॉफी परवडते, टेबलावर बसलात की बिल बरंच वाढतं.

मेट्रोच्या पिवळ्या एम३ मार्गावर मोंतेनापोलेओने हे स्टेशनच आहे. सेल हवा असेल तर जानेवारीची सुरुवात किंवा जुलै. ऑगस्टच्या मध्यात मिलानकर सुट्टीवर जातात, शहर ओस पडतं. फुटपाथवर नकली पर्स विकणारे भेटतील, त्यांच्याकडून काही घेऊ नका. इटलीत विकत घेणाऱ्यालाही दंड होतो, तो ७,००० युरोपर्यंत जाऊ शकतो.

खरेदी केलीत तर पासपोर्ट जवळ ठेवा. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना ७० युरोंच्या वरच्या बिलावर व्हॅट परत मिळतो. दर २२ टक्के, पण तो करापूर्वीच्या किमतीवर असतो आणि कमिशनही कापलं जातं, त्यामुळे हाती येणारी रक्कम बरीच कमी असते. दुकानातून फॉर्म मागून घ्या, आणि संघातून बाहेर पडताना शेवटच्या विमानतळावर कस्टम्सची नोंद करा. वस्तू मोठ्या बॅगेत असेल तर बॅग चेक-इनला सोडून देण्याआधी ही नोंद कुठे करायची ते विचारा, कारण अधिकारी वस्तू पाहायला मागू शकतात.