जन्मदेशाचा रकाना

युनिव्हर्सिटीच्या एथिक्स कमिटीकडून, म्हणजे माणसांच्या मुलाखती घ्यायला परवानगी देणाऱ्या कमिटीकडून, माझा फॉर्म तीनदा परत आला. तेवढं सोडलं तर माझ्या प्रबंधाचं काम सुरळीत झालं. पण ते 'तेवढं' अकरा आठवडे चाललं आणि अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

विषय असा: वळिवड्याच्या कॅम्पातून ब्रिटनला गेलेले पोलिश लोक आज स्वतःला कोण समजतात. मी कोल्हापूरची. गांधीनगरला, म्हणजे पूर्वीच्या वळिवडे कॅम्पच्या जागी, कापड घ्यायला लहानपणापासून जातेय. तिथे सिंधी लोक यायच्या आधी, 1943 ते 1948, सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहत होते, हे मात्र कॉलेजात गेल्यावर कळलं. बहुतेक बायका आणि मुलं. 1940 मध्ये सोव्हिएत फौजांनी त्यांना घरातून उचलून सायबेरिया, कझाकस्तानकडे धाडलं, 1942 मध्ये ते इराणमार्गे सुटले.

माणसं मिळवायला त्रास झाला नाही. लंडनमध्ये हॅमरस्मिथच्या पोलिश केंद्रात 'मी कोल्हापूरची' एवढं म्हटलं की लोक खुर्ची पुढे करतात. एका आजींनी तर तिथल्या तिथे दुरुस्त केलं, "कोल्हापूर नाही, वळिवडे!" पाच जणी बोलायला तयार झाल्या. मी खूश.

मग कमिटी. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'सहभागी व्यक्तीचा जन्मदेश' असा रकाना, यादीतून एकच निवडायचा. आजींचा जन्म 1934 चा, लव्हूफजवळच्या (आजच्या लविवजवळच्या) खेड्यातला. मी पोलंड निवडलं. दोन आठवड्यांनी फॉर्म परत: जन्मगाव युक्रेनमध्ये दिसतं, माहिती जुळत नाही. मी युक्रेन निवडलं आणि खाली लिहिलं की तेव्हा ते गाव पोलंडमध्ये होतं, 1939 मध्ये सोव्हिएत युनियननं घेतलं, आता युक्रेनमध्ये आहे. परत: मग अभ्यास पोलिश लोकांचा कसा? अहो, तोच तर माझा प्रश्न आहे! त्याच्याच उत्तरासाठी परवानगी मागतेय.

तिसऱ्यांदा हरकत वयाची. नव्वदीच्या आसपासच्या बायका, त्यात हद्दपारीच्या आठवणी, म्हणून जोखीम जास्त. समुपदेशन केंद्रांची यादी जोडा, संमतिपत्राचं पोलिश भाषांतर तिसऱ्याच माणसाकडून तपासून घ्या. हे सगळं रास्त होतं, पण मग पहिल्याच पत्रात का नाही सांगितलं? दर फेरीत एकच हरकत. तोवर पाचांपैकी एकींना मुलानं वृद्धाश्रमात हलवलं. त्या वृद्धाश्रमाचा फॉर्म वेगळा.

इथे एक सांगायचं राहिलं. जुन्या कागदांत नावं शोधताना -स्की आणि -स्का दोन्ही टाकून बघा. पोलिशमध्ये नवरा -स्की तर बायको -स्का, पण इंग्रज कारकुनांनी काही ठिकाणी सगळ्यांनाच -स्की करून टाकलंय. एका आईला मी तीन दिवस शोधत होते, ती मुलाच्याच पानावर होती. आणि बाईंना 'पानी' म्हणतात. पहिल्या दिवशी मी पाण्याचा ग्लास घेऊन आले होते.

मंजुरी आली त्याच आठवड्यात आजींकडे गेले. चार पानी संमतिपत्र त्यांनी भिंगातून वाचलं, शीर्षकावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "मायग्रंट? ते 2004 नंतर कामासाठी आलेले. आम्ही परत जाण्यासाठी थांबलो होतो." त्यांच्या लेखी खरं पोलिश सरकार, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात देशाबाहेर पडलेलं, 1990 च्या डिसेंबरपर्यंत लंडनमध्येच होतं. मग सहीची वेळ आली. "हा कागद कोणाकडे जाणार?" मी म्हटलं, युनिव्हर्सिटीकडे. त्यांनी पेन बाजूला ठेवलं. सायबेरियात आईपुढे असेच कागद यायचे, म्हणाल्या. बोलायला तयार, सहीला नाही.

म्हणजे शीर्षक बदला, तोंडी संमतीची सोय मागा. दोन्हीसाठी दुरुस्तीचा फॉर्म, पुन्हा तीच कमिटी! त्या रात्री मी आईला फोन करून रडले, हे खरं. पण दुरुस्ती नऊ दिवसांत मंजूर झाली. तोंडी संमती रेकॉर्ड करून चालते, हे नियमात आधीपासूनच होतं. कोणी सांगितलं नाही आणि मी वाचलं नाही. तुम्ही पहिल्या अर्जातच मागा, वृद्धांशी बोलणार असाल तर नक्कीच. शीर्षकही आधी त्याच माणसांना दाखवा.

मुलाखत साडेतीन तास चालली. लिंबू घातलेला चहा दोनदा झाला.

अंतिम अहवालाच्या फॉर्ममध्ये जन्मदेशाचा रकाना पुन्हा आहे. या वेळी यादीच्या तळाशी 'इतर' असा पर्याय दिसला, मी तोच निवडला. आजींना अजून सांगितलेलं नाही.