काळा पडदा आणि फेडर

गेल्या पावसाळ्यात पणजीत एका फिल्म सोसायटीसाठी मी प्रोजेक्टरवर ‘2001: अ स्पेस ओडिसी’ लावला. तो खेळ अजून डोक्यातून जात नाही.

चित्रपट आता रिळांच्या डब्यांतून नाही, हार्ड डिस्कवर येतो. सर्व्हरवर चढवायला काही तास जातात, आणि चढवला तरी मेलने किल्ली, म्हणजे एक डिजिटल फाइल, आल्याशिवाय उघडत नाही. किल्लीही ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या तासांपुरतीच चालते. हे सगळं दुपारीच उरकलं होतं. मला काळजी होती पहिल्या तीनेक मिनिटांची. तेवढा वेळ या चित्रपटात चित्रच नाही. नुसता काळोख आणि संगीतकार लिगेटीचं संगीत. 1968 साली मोठ्या थिएटरांत तेव्हा समोरचा कापडी पडदा बंद ठेवून दिवे मंद करत. आमच्याकडे ओढायला पडदाच नाही. म्हणून आयोजकांना विनवलं होतं, आधी दोन वाक्यांत लोकांना सांगा. दीपप्रज्वलन झालं, सत्कार झाले, ती दोन वाक्यं तेवढी राहिली. आपल्याकडे कार्यक्रमात चित्रपटाचा नंबर नेहमी शेवटचा.

मिनिटभरात खालून आवाज आला, “पिक्चर खंय आसा?” मग शिट्ट्या. मोबाइलचे टॉर्च थेट माझ्या प्रोजेक्शन बूथच्या खिडकीवर. आयोजक धावत बूथमध्ये आले. “पुढे घ्या हो, लोक उठतायत!” मी घेतलं नाही. जत्रेच्या नाटकाला तिसरी घंटा होते, पडद्याआडून धुपाचा वास येतो, नांदी सुरू होते. तेव्हा डिचोलीपासून काणकोणपर्यंत कुणी ‘नाटक कुठे’ म्हणून ओरडत नाही. तीच माणसं विज्ञानपटाला आली की त्यांना बसल्या बसल्या रॉकेट हवं असतं. हा दोष फक्त आपल्या लोकांचा नाही. पहिल्या खेळांनंतर खुद्द दिग्दर्शक कुब्रिकने यातली सुमारे 19 मिनिटं कापली, आणि न्यूयॉर्कच्या बऱ्याच समीक्षकांना चित्रपट कंटाळवाणा वाटला होता. 2022 मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकासाठी दिग्दर्शकांनी सर्वोत्तम चित्रपट निवडायला मतं दिली, तेव्हा हाच पहिला आला.

दहा-बारा जण गेले. बाकीचे बसले, आणि छान बसले. पहिला संवाद यायला पंचवीसेक मिनिटं लागतात, तोवर कुणी हूं की चूं केलं नाही. मध्यंतरानंतर पुन्हा काळोखात संगीत वाजलं, तेव्हा तर सगळे चहाचे कप घेऊन शांतपणे वाट बघत होते.

आणि मग चुकलो मी.

अंतराळवीर डेव्हला हेल्मेटशिवाय यानात शिरायचं असतं. दाराचे बोल्ट उडतात, तो आत फेकला जातो, भिंतींवर आपटतो. आवाज शून्य, कारण तिथे हवाच नाही. चित्रपटातली ही सगळ्यात खरी जागा, मला पाठ असलेली. पण समोर आवाजाच्या मीटरचे हिरवे दिवे विझले, खाली कुणीतरी चुळबुळलं, आणि माझा हात फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणावर, गेला. ठरलेली पातळी सातची. आमच्याकडे साडेपाचवर चालतं, कारण लोक मोठ्या आवाजाची तक्रार करतात. मी साडेसहा केला. म्हणजे तीनेक डेसिबल जास्त. मागे आणायच्या आतच डेव्हने लिव्हर ओढली आणि आत घुसणाऱ्या हवेचा लोट सभागृहावर कोसळला. पुढच्या रांगेतल्या बाई दचकून उभ्या राहिल्या.

खेळ संपल्यावर चित्रपटांवर नेमाने लिहिणारे एक गृहस्थ वर आले. माझा हात हातात धरून म्हणाले, “तो हवेचा आवाज! श्वास माझा अडकला होता हो, त्याचा नव्हे.” त्यांनी पुढे त्यावर लिहिलंही, मनापासून.

ज्याने काळोखाला हात लावू दिला नाही, त्यानेच शांततेवर विश्वास का ठेवला नाही? साडेपाचवर तो श्वास अडकला असता का? त्या गृहस्थांना मी फेडरचं अजून सांगितलेलं नाही.